सोपानची सुपारी

आमच्या आळीतल्या नळावर दोन बायका भांडायला लागल्या की सोपान घरातून पळत यायचा. सोडवायला नाही. ओट्यावर उभा राहून मूठ तोंडापुढे धरायचा आणि सुरू व्हायचा.

"आली, आली, पितळेची कळशी आली! पलास्टिकची बादली मागनं आली! बादलीनं मुसंडी मारली, हंड्यानं मधीच वाट अडवली, अन् गेली, गेली, कळशी गेली! भिर्रर्रर्र!"

भांडणाऱ्या बायकांना हसू फुटायचं आणि मग दोघी मिळून त्याला शिव्या घालायच्या. भांडण मात्र मोडलेलं असायचं.

सोपान बैलगाड्यांच्या शर्यतीत माईकवर बोलायचा. आमच्या जुन्नर-आंबेगावात जत्रा म्हणजे गाडे. देवाला नैवेद्य दाखवून झाला की सगळं गाव घाटात. घाट म्हणजे चढाची पळायची वाट. चार बैल गाडा ओढत वर पळतात, पुढे एक घोडी पळते, आणि एका गाड्याची एक पळण म्हणजे एक बारी. बारी किती वेळाची? तोंडातला घास गिळेपर्यंत संपते. तेवढ्यात कुणाचा गाडा, कुठले बैल, घोडीवर कोण, सगळं सांगायचं आणि वर लोकांच्या अंगावर काटा आणायचा, हे सोपानचं काम. ओझरपासून घोडेगावापर्यंत त्याला बोलावणी यायची. लोक त्याला भोंगा म्हणत. अंगानं म्हणाल तर काडी. एवढ्याशा माणसात तो आवाज कुठे मावायचा, देव जाणे. बोलायला लागला की गळ्याच्या शिरा दोरखंडासारख्या उभ्या राहायच्या.

गळ्याला मात्र फार जपायचा. संक्रांत झाली की ताक-दही बंद. उन्हाळ्यातसुद्धा गळ्याला रुमाल. आणि एक नियम होता त्याचा, आधी बैलाचं नाव घ्यायचं, मग मालकाचं. एकदा एका बागायतदारानं विचारलं, "माझं नाव मागनं का रं?" तर सोपान म्हणाला, "दादा, पळतंय कोन?"

कुठेही माईक दिसला की त्याचा हात शिवशिवायचा. एका लग्नात त्याला आहेर पुकारायला बसवलं होतं. हा तिथंही सुटला. "मामाचं पातेलं आलं! आत्याचं लुगडं आलं! आत्या पुढं, मामा मागं, मामानं जोर लावला पायजे!" मामा भर मांडवातून उठला, मोटारसायकलवर नारायणगावला गेला आणि कुकर घेऊन आला. आत्या पुढची दोन वर्षं सोपानशी बोलली नाही.

आता दारूचं सांगते. घसा उघडायला घोटभर लागते, असं त्याला कुणीतरी कधीतरी सांगितलं होतं. आधी घाटात घोटभर, मग घाटाआधी, मग घाट नसला तरी. जिंकलेला गाडामालक बक्षीस म्हणून कागदात गुंडाळलेली बाटली माईककडे पाठवायचा. तशी रीतच पडली होती. शेवटी एका जत्रेत त्यानं हरलेला गाडा जिंकला म्हणून पुकारला, दोन गावांची डोकी फुटायची वेळ आली, आणि हा मात्र उभ्या जागेवरून खाली पडून झोपला होता. सुमननं, म्हणजे त्याच्या बायकोनं, त्याला पुण्याकडच्या व्यसनमुक्ती केंद्रात नेऊन घातलं. पावसाळाभर तो तिकडे होता.

दिवाळीच्या तोंडावर परत आला तो दुसराच माणूस. हात कापत नव्हते, डोळे स्वच्छ झाले होते, आणि तोंड बंद. नळावर भांडणं व्हायची, तो खिडकीतून बघायचा आणि आत जायचा. मी म्हटलं, "काय रे, कळशी हरली आज, सांगितलं नाहीस?" तर नुसता हसला.

सुमन मला म्हणाली, "आक्का, त्यांना वाटतं आवाज बाटलीतच व्हता. बाटली गेली, आवाज गेला."

लोक भेटायला यायला लागले. आपल्याकडे आजाऱ्याकडे रिकाम्या हातानं जात नाहीत. पण दारू सोडलेल्या माणसाला काय न्यायचं, हे कुणाला माहीत असतं? ज्याला जे सुचेल ते आणलं. मंचरहून सुमनचा थोरला भाऊ आला, तो चांगल्या मनानं द्राक्षासवाच्या दोन बाटल्या घेऊन. "दाजी, अशक्तपणा आलाय, दोन-दोन झाकणं घ्या." सोपाननं बूच उघडून वास घेतला आणि बूच परत लावलं.

"पावणं, तुमी माझं वैरी का बहिणीचं?"

"अहो, औषध हाये ते! द्राक्षांचं!"

"मी पीत व्हतो ती काय दगडाची व्हती?"

बाटल्या सुमननं मोरीत ओतल्या. दाजी मोरीकडे बघत नव्हते आणि मेव्हणा दाजींकडे बघत नव्हता.

कुणी दारूच्या दुष्परिणामांची तसबीर आणली, काळं पडलेलं काळीज काढलेली. ती त्यानं शेळीच्या गोठ्यात लावली. म्हणाला, "हिला आत्ताच सांगून ठेवलेलं बरं." कुणी सहा ग्लासांचा खोका आणला. तो कुणाच्यातरी घरभरणीचा फिरत आलेला आहेर होता, खोक्यावर जुन्या चिठ्ठीचा डिंक तसाच होता. मी गूळ नेला होता, कारण दारू सुटली की माणूस गोडाला हपापतो, हे मी पाहिलेलं होतं. गूळ काळा होता. त्यानं ढेप हातात घेतली, फिरवली.

"आक्का, ह्याचीच काढत्यात व्हय."

"ह्याचे लाडूही करतात," मी म्हटलं. "खायचा तर खा, नाहीतर शेळीला घाल."

त्यानं खाल्ला. आठ दिवसांत ढेप संपवली. पण बोलणं नाहीच.

दिवेलागणीची वेळ त्याला सगळ्यात जड जायची. म्हणून मी त्याला टोमॅटो निवडायला बोलवायची. आमच्या रानातला तोडा सकाळी नारायणगावच्या बाजारात जायचा, संध्याकाळी अंगणात बसून मोठे-बारीक वेगळे करून कॅरेट भरायची. तो यायचा, मांडी घालून बसायचा, अंधार पडेपर्यंत निवडायचा. हात चांगला चालायचा. एकदा एक टोमॅटो ढिगावरून घरंगळत पार नळापर्यंत गेला. पूर्वीचा सोपान असता तर त्या टोमॅटोची बारी आळीनं ऐकली असती. त्यानं नुसतं जाऊन तो उचलून आणला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की दारू सुटली आहे, पण ह्या माणसाचं काम अजून बाकी आहे.

होळी झाली आणि जत्रा कमिटीचे तात्या चार माणसं घेऊन सोपानच्या दारात आले. तात्या म्हणजे आमच्या चैत्री पुनवेच्या जत्रेचे कर्ते. त्यांच्या हातात शाल, हार आणि नारळ. दारू सोडल्याबद्दल सत्कार. तात्यांनी भाषण केलं, सोपान गावाचं भूषण आहे म्हणाले, अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला. टाळ्या झाल्या, चहा झाला, माणसं गेली. सोपान तसाच बसून राहिला, म्हणे. आणि मग शाल खुंटीला अडकवून, नारळ काखेत मारून बाहेर पडला.

सुमन माझ्याकडे धावत आली. "आक्का, ते फाट्याकडं गेलं!"

फाट्यावर देशी दारूचं दुकान आहे. मी चप्पलसुद्धा घातली नाही.

तो दुकानासमोरच्या पारावर बसला होता. आत गेलेला नव्हता. नारळ मांडीवर.

"इथं काय करतोस?"

"नारळ दिला मला, आक्का."

"सत्काराला नारळच देतात, येड्या. कलिंगड देतात का?"

"शाल अन् नारळ कुनाला देत्यात? रिटायर मानसाला. मास्तरांना दिला, ते परत शाळंत आलं का? यवडी वर्सं घसा फोडला, अन् नारळ दिला." त्यानं दुकानाकडे बघितलं. "आता कुनासाठी ऱ्हायचं म्या कोरडं?"

आपल्या भाषेतच ती गोची आहे. कामावरून काढलं की आपण म्हणतो, नारळ दिला. मान दिला तरी नारळच. कुठला नारळ कुठला, ते देणाऱ्याच्या मनात असतं, आणि घेणारा आपल्या मनानं घेतो. मला उपदेश येत नाही. मी म्हटलं, "दे तो इकडे. मी जेवले नाही अजून."

नारळ पाराच्या दगडावर आपटून फोडला. पाणी त्याला पाजलं, खोबरं दोघांनी खाल्लं. त्याच्या दाढा चांगल्या होत्या, जास्त त्यानंच खाल्लं. समोर दुकानात माणसं जात होती, येत होती. करवंट्या पारावर टाकून आम्ही घरी आलो. त्याला सुमनच्या हवाली केलं आणि मी तशीच तात्यांकडे गेले.

"तात्या, जत्रेला माईकवर कोण?"

तात्या चुळबुळले. "अगं आक्का, खेडकडचा एक पोरगा बघितलाय. चांगला बोलतो. अजून सुपारी दिली न्हाई, पर द्यायचीये."

"म्हणजे सोपानला तुम्ही खरंच नारळ दिलात."

"त्याच्याच भल्यासाठी! घाटात सगळी पिनारी. त्याला तिथं उभा करायचा म्हंजी वाघाच्या तोंडात शेळी."

"तो शेळी नाही. शेळीनं दुकानासमोर बसून नारळ खाल्ला नसता, आत जाऊन आली असती." मग त्यांना पारावरचं सगळं सांगितलं. मी म्हटलं, "शाली त्याच्याकडे ठेवायला जागा नाही. त्याला काही द्यायचंच असेल तर सुपारी द्या."

"अन् प्याला म्हंजी?"

"प्याला तर तो पिईल, तुम्ही नाही. आणि घरी बसवलात तर काय तो पिणार नाही? आज जवळजवळ पीतच होता."

वाजंत्री असो, तमाशा असो, माईकवरचा असो, त्याला ठरवायचं म्हणजे सुपारी द्यायची. सव्वा रुपया आणि वर एक अख्खी सुपारी. हातात सुपारी पडली की तुम्ही येणार, घर जळत असलं तरी येणार. तात्या माणूस वाईट नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः आले, एकटे, भाषण न करता. सोपान शेळीचं दूध काढत होता. तात्यांनी त्याच्या ओल्या तळव्यावर सुपारी ठेवली.

"पुनवंला. नऊला घाटात ये. उशीर करशील तर याद राख."

सोपाननं सुपारीकडे बघितलं, तात्यांकडे बघितलं. मग सुपारी कमरेला, धोतराच्या कनवटीला खोचली आणि पुन्हा दूध काढायला बसला. तात्या गेल्यावर मला म्हणाला, "आक्का, आवाज लागंल का?"

"मला काय माहीत? मी काय वैद्य आहे?"

त्या दिवसापासून त्यानं ताक सोडलं.

सुमन मात्र घाबरली होती. "आक्का, बाटली येनारच वर. दर वर्सी येती."

"मग आपण पण जाऊ."

"बायका? घाटात?"

"घाट काय ह्यांच्या बापाचा आहे?"

आमच्याकडे तेव्हा बायका घाटात उभ्या राहत नसत. लांब, शेताच्या बांधावरून बघायच्या, तेही डोक्यावर पदर घेऊन. आम्ही दोघी सरळ माईकच्या ट्रॉलीवर जाऊन बसलो. सोपानला उभं राहायला ट्रॅक्टरची ट्रॉली लावलेली असे, तिच्या मागच्या फळीवर. बरोबर लिंबू-सरबताची कळशी. बाप्ये बघायला लागले. एकानं विचारलं, "आक्का, तुमचा गाडा कुठला?"

"हा काय, फेटा बांधून उभा आहे," मी म्हटलं.

सोपाननं गुलाबी फेटा बांधला होता. माईक हातात घेतला आणि पहिली बारी सुटली. सुटली आणि संपली. त्यानं बैलांची नावं घेतली, मालकाचं घेतलं, पण कशी, तर तलाठी नावं वाचतो तशी. घाट गार. दुसरी बारी तशीच. तिसऱ्या बारीला लोक ओरडायला लागले, "आवाज! आवाज!" खालून कुणीतरी टोला हाणला, "भोंग्या, आदी नाईंटी मार, मंग चालू हुशील!" सगळे हसले. सोपानचे कान लाल झाले. सुमननं सरबताचा पेला वर केला, त्यानं नको म्हणून मान हलवली. तात्या कपाळावरचा घाम पुसत होते.

मग डोंगराकडचा एक गाडा आला. भीमाशंकरच्या बाजूची माणसं, अंगावर धड कपडे नाहीत, बैल लहान चणीचे. असल्या गाड्याकडे कुणी बघतसुद्धा नाही. झेंडा पडला, घोडी उडाली, बैल सुटले. आणि निम्म्या घाटात पुढच्या जोडीतला डावा बैल गुडघ्यावर आला. घाटभर "गेलाऽऽ" झालं.

"न्हाई गेला!"

मी दचकले. माझ्या डोक्यावरून तो आवाज आला होता.

"न्हाई गेला! चिमण्या उठतोय! उठला! आरं उठला रं! गुडघा फुटलाय पर जू सोडलं न्हाई, बगा, बगा त्याच्याकडं, डोंगराचं पानी बगा! घोडीवाल्या, मागं बगू नगं, चिमण्या येतोय! आला, आला, आला, चिमण्या आलाऽऽ भिर्रर्रर्रर्र!"

घाट उभा राहिला. भंडारा उधळला तो इतका की आम्ही दोघी पिवळ्याधमक झालो. मी, सुमन, दोघी उभ्या राहून ओरडत होतो. काय ओरडत होतो ते विचारू नका. डोक्यावरचा पदर कधी पडला ते कळलं नाही. त्या गाड्याचा नंबर आला नाही, पण डोंगराकडच्या त्या माणसांना लोकांनी खांद्यावर घेतलं. सोपान थांबेना. पुढच्या बारीला, त्याच्या पुढच्या बारीला, आवाज वाढतच चालला. मध्येच खाली वाकून मला म्हणाला, "आक्का, यवडी वर्सं वरडलो, पर बैल आज बगितलं!"

दुपारी ती बाटली आलीच. सगळ्यात पुढे असलेल्या गाडामालकानं रीतीप्रमाणे पाठवली, वर्तमानपत्रात गुंडाळून. माणूस ट्रॉलीपाशी येऊन बाटली वर करून उभा. सोपाननं ती बघितली. माईकमधून त्याचा श्वास ऐकू येत होता, सगळ्या घाटाला. सुमन उठली. ती कधी चारचौघांत मोठ्यानं बोललेली बाई नाही. तिनं हात पुढे केला आणि बाटली घेतली. आणि तेवढ्यात वरून सुरू झालं.

"भेट आली! मालकाची भेट आली! भेट सुमनबाईच्या हातात! कागद सुटला! बूच फिरतंय, फिरतंय, निघालं! अन् कलली, कलली, अन् गेली, गेली, गेली मातीत! भिर्रर्रर्र! सुमनबाईचा पयला नंबर!"

हसून लोकांची पोटं दुखली. मालकसुद्धा हसला, काय करणार! पुढच्या वर्षीपासून घाटांत रीत बदलली. सोपानसाठी कुणी खडीसाखर आणायचं, कुणी कोंबडी, एकानं तर ट्रॉलीवर भोपळा पाठवला. तो प्रत्येक भेट माईकवर पुकारायचा, भोपळ्याची तर त्यानं दोन बाऱ्या केल्या. त्याच्या जिवाला संध्याकाळी त्रास व्हायचाच. तो काही जात नाही. पण मग टोमॅटो निवडताना इतका बोलायचा की मी म्हणायची, बाबा, आता बास कर, माझे कान गेले.

त्यानंतर बरेच हंगाम तो घाटात उभा राहिला. गेला तो काळजाच्या झटक्यानं, ऐन उन्हाळ्यात, जुन्नरला डॉक्टरकडे नेता नेता. त्याआधी थोडे दिवस मला तो नारायणगावच्या स्टँडावर दिसला होता. घोडेगावकडे जाणाऱ्या जीपमध्ये, मागच्या फळीवर एक पाय ठेवून लोंबकळत. तिकडचा एक घोडीवाला व्यसनमुक्ती केंद्रातून नुकताच घरी आला होता, त्याला भेटायला चालला होता.

मी म्हटलं, "रिकाम्या हातानं चाललास? निदान केळी तरी घे."

"केळी कशाला? त्याची घोडी मागाय चाललोय. पुनवंला पायजे मला. अन् ती घोडी त्याच्याबिगार कुनाचं आयकत न्हाई!"

ड्रायव्हरनं जीप काढली. त्याच वेळी मंचरची एसटी वळली आणि दोघी एकदम रस्त्याला लागल्या. सोपाननं एका हातानं दांडी धरली, दुसऱ्या हाताची मूठ तोंडापुढे केली, आणि सगळ्या स्टँडाला ऐकू गेलं, "सुटली! जीप सुटली! लाल डब्यानं मान काढली! जीपवाल्या, मागं बगू नगं!" केळीवाले, हमाल, रांगेतली माणसं, सगळे माना वळवून रस्त्याकडे बघायला लागले. मीही पिशवी खाली ठेवून टाचा उंच केल्या. पुढे धूळ होती, कोण पुढे गेलं ते काही दिसलं नाही.